पारेवाले सर

सर चालताना चपला मुद्दाम घासायचे. रस्ता डांबरी असो की मातीचा, आधी खर्र खर्र आवाज यायचा आणि मग सर. शिवाय खोकायचे. एवढं करूनही समोरच्याने मान वळवली नाही, तर लांबूनच म्हणायचे, "येतोय हो. मागून येतोय." शहाद्याच्या बाजारात लोकांना आधी वाटलं, बिचाऱ्याला दमा असेल. मग वाटलं, डोक्याचं काही असेल. एकदा भाजीबाजाराच्या तोंडाशी एक म्हैस रस्ता अडवून उभी होती. "मी डावीकडून येतोय," असं सरांनी तिला सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. म्हैस हलली नाही. सर डावीकडूनच गेले.

ही सवय त्यांना आमच्यामुळे लागली होती. आम्ही म्हणजे माजी सैनिक. आमच्यातल्या काहींच्या पाठीमागे कोणी आवाज न करता येऊन उभं राहिलं, तर काय होऊ शकतं, हे त्यांना ठाऊक होतं. गावातल्या बाकी कोणाला ते ठाऊक नव्हतं. आमच्या घरच्यांना होतं, पण ते बोलत नसत.

सर दर गुरुवारी नंदुरबारहून एस.टी.ने यायचे. माजी सैनिकांच्या मनाची, त्यातही रागाची तपासणी करायची आणि ज्याला गरज असेल त्याला उपचाराला पाठवायचं, हे त्यांचं काम. नोकरी कंत्राटी. शहाद्यात आमच्या संघटनेचा एक हॉल होता, त्याच्या शेजारची खोली त्यांना दिली होती. राग मोजतात म्हणून आमच्या लोकांनी त्यांचं नाव ठेवलं पारेवाले सर. त्यांना ते कळलं तेव्हा ते खूश झाले. मूळचे कुठले, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "बदलीचा आहे मी."

या माणसाविरुद्ध आम्ही अर्ज केला. त्यावर पहिली सही माझी होती. त्या अर्जातलं एक वाक्य खोटं होतं आणि ते माझं होतं. मी सत्तरी ओलांडली आहे. ते वाक्य मागे घ्यायला आता कुठलं कार्यालय उरलेलं नाही, म्हणून इथं लिहितो आहे.

सर राग मोजायचे तो स्वतःचाही. आणि मोठ्याने. शहाद्याच्या स्टँडवर नंदुरबारची गाडी लागत नव्हती, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळ होत आलेली, सर पिशवी छातीशी धरून उभे, आणि आमच्यातले दोघं-तिघं त्यांना पोचवायला आलेले.

"सर, पारा कितीवर शे?" कोणीतरी खोडी काढली.

"दहातले सहा," सर गंभीरपणे म्हणाले. "शिरपूरची दुसरी गाडीपण गेली. आता सात धरा."

तेवढ्यात कंडक्टर आला आणि गाडी रद्द झाल्याचं सांगून गेला. सर दोन पावलं त्याच्या मागे गेले. "ऐका, मी आता आठवर आहे. पण ते तुमच्यावर नाही. तुमच्यावर दोनच आहे." सगळा फलाट हसला. कंडक्टरही हसला आणि त्याने सरांना चहा पाजला. चहा पिताना सर म्हणाले, "बघा, चारवर आलो." आम्ही त्यांची नक्कल करायला लागलो. कोणाच्या शेतात डुकरं घुसली, कोणाचं पेन्शन अडकलं, की आम्ही आकडा सांगायचो आणि हसायचो. चेष्टा म्हणून का होईना, पण राग या गोष्टीबद्दल आम्ही एकमेकांशी बोलायला लागलो होतो. तसं पूर्वी कधी झालं नव्हतं.

त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एक दाराकडे तोंड केलेली, मागे भिंत. दुसरी दाराकडे पाठ केलेली. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सवयीने उभा राहून खोली पाहत होतो. सरांनी काही न विचारता मला भिंतीची खुर्ची दिली आणि स्वतः दाराकडे पाठ करून बसले. फौजेतून आल्यापासून लग्नात, पंगतीत, हॉटेलात मी भिंतीची जागा शोधून बसायचो. घरचे म्हणायचे, याला मान लागतो. हा पहिला माणूस, ज्याने मला ती जागा मागायला लावली नाही.

"राग येतो का?" असं ते कधी विचारत नसत. म्हणायचे, तसं विचारलं की फौजी माणूस सावधान होतो आणि 'नाही साहेब' म्हणतो. त्यांनी मला विचारलं, "हवालदारसाहेब, तुम्ही घरी पोचलात की आधी कोण उठतं?"

"सगळेच उठतात."

"सगळे? टीव्ही चालू असेल तर?"

"बंद करतात. घरात मान आहे आपला."

सरांनी पेन खाली ठेवलं आणि जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, प्रभावित झाले.

"झोपता कुठे?"

"पाण्याच्या मोटारीच्या खोलीवर. केळीच्या बागेत."

"का?"

"घरात गरम होतं."

ते डिसेंबरचे दिवस होते. सरांनी पेन पुन्हा उचललं. बर्फातल्या चौकीवर माझ्या बाबतीत काय झालं, ते मी त्यांना सांगितलं नाही आणि इथंही लिहीत नाही. घरी काय झालं होतं, ते लिहितो. फौजेतून आल्यावर पहिल्याच वर्षी बायकोने मला उठवायला हाक मारली. मी उठलो नाही, म्हणून तिने खांद्याला हात लावला. मी जागा झालो, तेव्हा माझे दोन्ही हात तिच्या गळ्याभोवती होते. त्यानंतर मी मळ्यात झोपायला लागलो. आम्ही दोघांनीही गावाला सांगितलं, की केळीच्या राखणीला माणूस मिळत नाही.

रागाबद्दल सर चार गोष्टी विचारायचे आणि बोटांवर मोजायचे. किती वेळा येतो, किती वर चढतो, किती वेळ मुक्काम करतो, आणि गेल्यावर मागे काय मोडलेलं सापडतं. पहिल्या तीन गोष्टी ते आम्हाला विचारत. चौथी मात्र आम्हाला विचारून उपयोग नाही, असं त्यांचं मत होतं. ती ते घरी येऊन बघत, आणि खरा तंटा तिथूनच सुरू झाला.

सर घरी आले की बैठकीत टिकत नसत. पाणी पिऊन झालं की म्हणत, "वहिनींना भेटतो," आणि सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी. आमच्याकडे परका पुरुष ओट्यावर बसतो, बैठकीत बसतो, जेवायलाही तिथेच बसतो. चुलीपर्यंत कोणी जात नाही. सरांना हे समजत नव्हतं असं नाही. म्हणून तर ते आत गेल्यावर आपली कापडी पिशवी उंबऱ्यात, दाराच्या फळीला टेकून ठेवत. दार वाऱ्यानेही लागू नये म्हणून. आत बसून बायकांशी बोलत, तेही सासू-सून दोघी असल्या तरच. आणि नवऱ्यांना सांगत, "तुम्ही बाहेर थांबा. तुम्ही समोर असलात तर ह्या भाजीबद्दल बोलतील."

तिखट त्यांना चालत नसे. आमच्या भागातलं भरीत खाल्लं की उचकी लागायची. उचक्या देत देतच प्रश्न विचारायचे आणि वर म्हणायचे, "अजून थोडं वाढा." खिशात गुळाचा खडा कागदात बांधलेला असायचा.

आमचा एक दोस्त होता. फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालेला, शहाद्यात एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा राहायचा. मीही एका कापसाच्या जिनिंगवर बंदुकीसह गार्ड होतो. आमच्यातल्या बऱ्याच जणांची पेन्शननंतरची भाकरी त्या बंदुकीच्या परवान्यावर होती. हा दोस्त पहिल्यापासून म्हणायचा, "भाऊ, हाऊ मानूस गोड बोलस, पन सावध ऱ्हाय. कागदवर 'राग' लिखाई गया ना, तं बंदूक जमा. मंग बँकना दारवर तुले कोन उभा करी?"

"तो उपचारासाठी लिहितो," मी म्हणायचो.

"उपचार करी, आनी नोकरी? ती काय त्याना बाप देई?"

ही भीती आमच्या सगळ्यांत होती. सर कितीही सांगत, की माझं काम परवाना काढून घ्यायचं नाही. आमचा विश्वास बसत नव्हता.

सर माझ्या गावी, ब्राह्मणपुरीला, आमच्या घरी आले, तो दिवस मी विसरू शकत नाही. दुपारची वेळ. मुलगा शेतात गेलेला. सरांनी पाणी घेतलं, पिशवी उंबऱ्यात टेकवली आणि आत गेले. आत माझी बायको आणि सून. मी ओट्यावर केळीच्या कोयत्याला धार लावत बसलो होतो. आतलं बोलणं तुटक ऐकू येत होतं. सर विचारत होते, "वहिनी, हा कुकर माळ्यावर का? धूळ बसली आहे त्यावर."

बायको काहीतरी हळू बोलली. मग सुनेचा आवाज आला, "शिटी वाजनी का मामासले चालत नही. आम्ही डाय पातेलामाच शिजाडतस."

मामा म्हणजे मी, तिचा सासरा. शिटीचं हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, की हिला पातेल्यातल्या डाळीची चव आवडते. माझ्या घरातून कुकरची शिटी गेली होती, आणि का गेली ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मी धार लावायची थांबवली.

आणि तेवढ्यात बायको हसली.

ती खळखळून हसली. असं हसणं मी त्या घरात कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. सूनही हसली. सरांना उचकी लागलेली ऐकू आली. मला वाटलं, माझ्यावर हसताहेत. एक परका माणूस माझ्या चुलीपाशी बसून माझ्या बायकोला हसवतो आहे. मी उठलो. उंबऱ्यातली पिशवी पायाने आत सरकवली, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

दार मी लावलं. अर्जात लिहिलं होतं, की त्यांनी लावलं. खोटं वाक्य ते हेच.

आत एकदम शांत झालं. मी दारासमोर उभा होतो. पुढे काय करायचं, ते मला माहीत नव्हतं. मग सरांचा आवाज आला, नेहमीसारखाच, स्टँडवर बोलत असल्यासारखा.

"हवालदारसाहेब, कडी लागली आहे. आम्ही तिघं आत बसलो आहोत. मला घाई नाही."

मी कडीकडे पाहत राहिलो.

"तुम्ही दारापाशीच आहात ना?"

"शे," मी म्हणालो. मी एरवी सरांशी शुद्ध बोलायचो.

"हातात काय आहे?"

मी खाली पाहिलं. तोवर मला भान नव्हतं. "कोयता."

आत सुनेने श्वास ओढलेला मला ऐकू आला. सर म्हणाले, "बरं. तो खाली ठेवल्याचा आवाज आला तर मला बरं वाटेल. मी आता नऊवर आहे. पण ते रागाचं नाही, भीतीचं आहे. तुमचंही तेच असेल असं मला वाटतं."

कोयता फरशीवर ठेवायला मला किती वेळ लागला, ते मला सांगता येणार नाही. ठेवला एवढं खरं. आवाज झाला. आतून सर म्हणाले, "ऐकलं."

तेवढ्यात गल्लीत मोटारसायकल वाजली. दोस्त ड्यूटीवर जाताना मला न्यायला यायचा, तो आला होता. मी घाईने कडी काढली. तो अंगणात आला, तेव्हा त्याने पाहिलं ते एवढंच: स्वयंपाकघराचं दार बंद, मी घामाने भिजलेला, आणि दार उघडून आतून सर बाहेर येताहेत. मागे दोन्ही बायका भिंतीला टेकून उभ्या. सुनेच्या डोळ्यांत पाणी.

"काय व्हयनं रे?" त्याने विचारलं.

मला खरं सांगता आलं असतं. पण तो बंदूकवाला, मी बंदूकवाला. बायकामाणसांना कोंडून मी कोयता घेऊन उभा होतो, हे गावाला कळलं असतं.

"त्यानी दार लाई लिधं," मी म्हणालो.

सरांनी ते ऐकलं. बायकोकडे एकदा पाहिलं, मग पिशवी उचलली, "येतो मी" म्हणाले आणि चपला घासत अंगणातून गेले. दोस्त त्यांच्या मागे शिव्या देत फाट्यापर्यंत गेला. मी ओट्यावर बसलो. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. आज तेच आठवून सगळ्यात जास्त लाज वाटते.

अर्ज दोस्ताने लिहिला. सह्या भराभर झाल्या. ज्यांच्या घरी सर गेलेही नव्हते, त्यांनीसुद्धा केल्या. आमच्यावरची तपासणीच टळते आहे, हे सगळ्यांना कळत होतं. बोललं कोणी नाही. एकटा एक म्हातारा सुभेदार सही न करता उठून गेला. जाताना म्हणाला, "तो आपल्या घरात शिरला म्हणून तुम्हाला राग नाही आला. त्याला घर दिसलं, म्हणून आला." आम्ही म्हटलं, वय झालं त्याचं.

चौकशीला नंदुरबारहून एक साहेब आले. हॉलमध्ये टेबल लावलं होतं. एका बाजूला आम्ही, समोर सर. बायका बाहेरच्या ओट्यावर बसलेल्या, एकेकीला आत बोलावत होते. माझ्या बायकोला बोलावलं, तेव्हा मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. कोणी मला बाहेर जायला सांगितलं नाही. सर नवऱ्यांना नेहमी बाहेर थांबायला का सांगायचे, ते मला तेव्हा कळलं असं म्हणणं खोटं होईल. खूप नंतर कळलं.

साहेबांनी विचारलं, "ताई, हे तुमच्याशी काही गैर बोलले का?"

"नही," ती म्हणाली. आवाज स्पष्ट होता. "काहीच गैर नही बोलनात."

"काही गैर वागले?"

"नही."

"मग दार कोणी लावलं?"

तिने मान खाली घातली. पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. मी तिच्याकडे पाहत होतो, आणि कसा पाहत होतो, ते तिलाच माहीत.

साहेब सरांकडे वळले. "दार बंद होतं का?"

"होतं."

"कोणी लावलं?"

सर माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते बायकोकडे बघत होते. मग म्हणाले, "दार बंद होतं. यापेक्षा जास्त मला सांगायचं नाही."

"तुम्हाला कळतंय ना, याचा अर्थ काय होतो?"

"कळतंय," सर म्हणाले.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. कंत्राट वाढवलं नाही, एवढंच कानावर आलं. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. भिंतीची ती खुर्ची कोणीतरी हॉलमध्ये नेली.

मी स्वतःला समजावलं, की सरांनी खरं सांगितलं नाही, म्हणजे त्यांचंही काहीतरी चुकलंच असणार. नाहीतर माणूस गप्प का बसेल? या विचारावर मी बरीच वर्षं काढली. गप्प बसणारा माणूस दोषी, हा आपल्याकडे सोयीचा नियम आहे.

राग मात्र कुठे गेला नव्हता. एका होळीला मुलाने रंग लावायला मागून माझ्या खांद्यावर हात टाकला. तो हसत होता. माझ्या हातात पितळी तांब्या होता. त्याला डाव्या कानाने आता ऐकू येत नाही. सून महिनाभर काही बोलली नाही, आणि मग दोघं सुरतेला निघून गेले. जाताना सून पाया पडली. लांबून, हात जमिनीला लावून.

त्यानंतर मी परवाना परत केला आणि स्वतः जाऊन डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या. महिन्यातून एकदा आमच्यासारख्यांच्या बैठकीला जातो. तिथला डॉक्टर तरुण आहे, चांगला आहे. त्याने विचारलेले प्रश्न मला ओळखीचे वाटले. किती वेळा, किती वर, किती वेळ. चौथा त्याने विचारला, तेव्हा मला मुलाचा कान आठवला. मी घरात झोपायला लागलो. बायकोने कुकर खाली काढला. मला वाटलं, आता सगळं ठीक आहे. आकडा विचारला असता, तर मी तीन सांगितला असता.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मुलाकडे सुरतेला गेलो होतो. परत येताना नंदुरबारला गाडी बदलली. एस.टी. खच्चून भरलेली, लग्नसराई होती. हिला जागा मिळाली ती बाहेरच्या बाजूची, मला खिडकीची. प्रकाशा गाव मागे पडलं. तेव्हा ती समोर बघतच म्हणाली, "एक गोट सांगू का?"

"सांग ना."

"ते पारेवाले सर व्हतात ना. चौकशीना दिन मी ओटावर बठेल व्हती. ते चपला घसाडत उनात. समदास्ना समोर, लांबच उभा ऱ्हायनात. माले इचारं, 'वहिनी, मी आत खरं सांगितलं, तर आज मुक्कामाला तुम्ही कुठे असाल?'"

कंडक्टर पुढे तिकिटं फाडत होता.

"मी सांगं, 'घरमाच. आखो कोठे जासू?' त्यास्नी इचारं, 'बहीण वगैरे?' मी सांगं, 'लोनखेडाले शे. पन एक दिन ऱ्हासू, दोन दिन ऱ्हासू. मंग?' तं त्यास्नी मान हालाई. म्हने, 'बरं. मग दार बंद होतं, एवढंच पुरे.'"

त्यांची ती शेवटची तपासणी. मला एक प्रश्न न विचारता त्यांनी ती केली होती. खरं बोललं तर मी तिच्याशी काय करीन, याचा त्यांनी अंदाज घेतला आणि आपली नोकरी आणि नाव तिथं ठेवून गेले. तो अंदाज चुकीचा होता, असं म्हणायला मला फार आवडलं असतं.

"आनी तू त्या दिन कसाले हसनी व्हती? घरमा?" मी बऱ्याच वेळाने विचारलं.

"त्यास्नी इचारं, हे आधी कसे होते. मी त्यासले तुम्हनी पयली सुट्टी सांगी." तिने मनगट दाखवलं. "जम्मूथून बांगड्या आनेल व्हत्यात. फुटू नही म्हनीसन बुटमा घाली आनेल. आनी माप इतलं मोठं, का म्हैसले बी ढिल्या व्हतीन. ते आयकीसन सर बी हसनात, उचकी लागनी त्यासले."

म्हणजे ती माझ्यावरच हसत होती. त्या पोरावर, जो बुटात बांगड्या घेऊन आला होता.

मी सरांचा शोध घेतला आहे. त्यांचा जुना नंबर लागत नाही. कोणी म्हणतं विदर्भात आहेत, कोणी म्हणतं ते काम सोडलं. तो दोस्त आता नाही. सही न केलेले सुभेदार आहेत. त्यांच्या घरी जाऊन मी खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माले काय सांगस? गावले सांग." म्हणून हे गावाला. सर आमच्या घरात चांगल्या माणसासारखे वागले. दार मी लावलं.

एस.टी.तल्या त्या दिवशीचं एवढंच सांगायचं राहिलं. शहादा आलं. गाडी स्टँडवर लागली आणि लोक उतरायला लागले. मी वरची पिशवी काढून तिच्या हातात दिली, तेव्हा लक्षात आलं, की तिने आपलं लुगडं आणि रक्तदाबाच्या गोळ्या वेगळ्या छोट्या पिशवीत भरलेल्या आहेत. सुरतेहूनच तशा भरून आणल्या होत्या.

"मी आज बहीणकडे जास," ती म्हणाली. तिचे डोळे माझ्या हातांवर होते.

घरी का सांगितलं नाही, भरल्या गाडीत का सांगितलं, हे मी विचारलं नाही. इतकी वर्षं एका घरात राहून, गोळ्या घेऊन, कुकर खाली काढूनही तिने हे आधी ठरवलं होतं. कुठे सांगायचं, आणि सांगून झाल्यावर कुठे जायचं. मी हात पिशवीवरून काढून घेतले.

"जाय," मी म्हणालो. "तुले वाटी तितला दिन ऱ्हाय."

तिने रिक्षाला हात केला. मी लांबच उभा होतो.

"सकाय येशी ना?" मी विचारलं.

"देखसू," ती म्हणाली, आणि रिक्षावाल्याला लोणखेडा सांगितलं.